विश्रामबागेतलं स्कॅन सेंटर: आधी विचार, मग मशीन

माझा मुलगा अकरा वर्षांचा. पोटात उजवीकडे खाली दुखत होतं, ताप आणि उलट्याही. तासगावच्या डॉक्टरांनी अपेंडिक्सची शंका घेऊन पोटाचा सीटी लिहून दिला, म्हणून सांगलीला विश्रामबागेतल्या या सेंटरला आलो.

काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठीवरचं वय बघितलं आणि पावती करायच्या आधी आत जाऊन विचारून आली. रेडिओलॉजिस्ट मॅडम स्वतः बाहेर आल्या. म्हणाल्या, "पोरगा बारीक आहे, सोनोग्राफीत छान दिसेल. दिसलं तर सीटी कशाला? नाहीच दिसलं तर मात्र सीटी करू, तेव्हा घाबरायचं नाही." आमच्या डॉक्टरांना फोनही त्यांनीच लावला.

सीटीचे पैसे जास्त मिळाले असते, तरी त्यांनी हे केलं, म्हणून मुद्दाम लिहितोय. छातीच्या एका एक्स-रेला साधारण 0.1 मिलिसीव्हर्ट (हे रेडिएशनचं माप) रेडिएशन लागतं, पोटाच्या सीटीला 8 ते 10. जमिनीतून, हवेतून, आकाशातून माणसाला वर्षभरात आपोआप मिळतं ते जगाच्या सरासरीने 2.4. म्हणजे एका सीटीत तीन-चार वर्षांचं एकदम. त्यातून कॅन्सरचा धोका वाढतो तो अगदी थोडा, पण लहान मुलांच्या पेशी झपाट्याने वाढत असतात आणि पुढे अख्खं आयुष्य असतं, म्हणून त्यांच्या बाबतीत हात आखडता घ्यायचा. सोनोग्राफीत नुसत्या ध्वनिलहरी असतात.

मॅडमनी जेल लावून प्रोब हळूहळू दाबत नेला. "दुखलं की सांग हं बाळा," म्हणत होत्या. अपेंडिक्स सुजलेलं सापडलं. 6 मिलिमीटरच्या वर जाड आणि दाबलं तरी न दबणारं, ही त्याची खूण, हे त्यांनी स्क्रीनवर दाखवून सांगितलं. त्याच रात्री मिरजेला ऑपरेशन झालं, पोरगा आता बरा आहे.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी वडिलांचा मुतखड्यासाठी सीटी काढला. जुन्या फिल्म पिशवीत होत्या, त्या बघून कदाचित नवा सीटी टळलाही असता, पण कुणी मागितल्याही नाहीत. मला त्याचा आजही राग येतो. इथे जुने रिपोर्ट आधी मागतात. माझी मेहुणी गरोदर आहे. ती बसायला जागा बघत एक्स-रे रूमच्या दाराशी गेली, तर टेक्निशियनने विचारून तिला लांब बसवलं. त्याच्या खिशाला रेडिएशन मोजायचा बॅज होता.

तक्रारी दोनच. पार्किंग नाही, मोटारसायकलसुद्धा गल्लीत लावावी लागते. आणि रिपोर्ट फक्त इंग्रजीत देतात. मॅडम समजावून सांगतात, पण घरी आईला वाचायला मराठीत चार ओळी हव्या होत्या.

मुलांना घेऊन जाणार असाल तर आधीचे सगळे एक्स-रे, सीटी सोबत न्या. सकाळी गर्दी असते, दुपारी तीननंतर लवकर नंबर लागतो.