हात नसलेली लाल खुर्ची: आठ महिने वापरून

ही खुर्ची घ्यावी का, असं आतापर्यंत चार जणांनी विचारलंय, म्हणून एकदाच लिहून टाकतो. खुर्ची कुठली ते बहुतेकांना माहीत असेलच. १ जुलै १९६९ला वेल्समधल्या कार्नार्व्हनच्या किल्ल्यात ब्रिटनच्या राणीच्या मुलाला, चार्ल्सला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणून मुकुट घातला, त्या समारंभाच्या पाहुण्यांसाठी लॉर्ड स्नोडननी आपल्या सहकाऱ्यांना घेऊन बेतलेली. वाकवलेलं लालभडक प्लायवूड, बैठकीला लाल वेल्श ट्वीड (जाडं लोकरी कापड), पाठीवर प्रिन्स ऑफ वेल्सचं चिन्ह, तीन सोनेरी पिसं. अशा चार हजारांवर बनवल्या आणि नंतर पाहुण्यांनाच १२ पौंडांना विकल्या. मला लिलावात २४०ला पडली. वर लिलाववाल्यांचं कमिशन, त्यावर कार्डिफपर्यंतचं भाडं. एकूण आकडा बायकोला अजून सांगितलेला नाही.

वर्णनात ‘उत्तम स्थिती’ लिहिलं होतं. घरी आणून बसलो तर करकरली. उलटी करून पाहिली, तर बैठकीखालचा एक स्क्रू कुणीतरी नंतर ठोकलेला, लांबीला जास्त, आणि त्याच्याभोवती प्लायला केसाएवढी चीर. ती बाजू फोटोत नव्हतीच. सात ईमेल केले. आधी ‘वयोमानानुसार झीज’, मग ‘प्रत्यक्ष येऊन बघायला हवं होतं’, शेवटी ‘सद्भावनेपोटी’ २५ पौंड परत. सद्भावना! चिरेत लाकडाचा गोंद भरला, दोन दिवस क्लॅम्प लावून ठेवला, स्क्रू बदलला. करकर थांबली. खर्च साडेचार पौंड. इथवर माझी तक्रार खुर्चीबद्दल नव्हती, विकणाऱ्याबद्दल होती.

खुर्चीबद्दलची तक्रार मार्चमध्ये सुरू झाली. आई-बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले. बाबांचा उजवा गुडघा गेलेला आहे. कौतुकाने त्यांना लाल खुर्चीत बसवलं, चहा दिला. उठायची वेळ आली तसे त्यांचे दोन्ही हात आपोआप बाजूला गेले आणि हवेतच राहिले.

“अरे, हिला हातच नाहीत?”

त्या दिवसापासून मला दुसरं काही दिसेना. राजघराण्याच्या समारंभाची खुर्ची, आणि हात नाहीत! बरं, बेतणारा माणूस कोण? सोळाव्या वर्षी ज्याला पोलिओ झाला, सहा महिने जो इस्पितळात होता आणि एका पायाने कायमचा अधू झाला, तो. आणि खुर्च्या बनवल्या कुणी? रेम्प्लॉयच्या कारखान्यात, म्हणजे अपंग कामगारांना रोजगार मिळावा म्हणून सरकारने काढलेल्या संस्थेत. एवढ्या सगळ्यांत एकालाही वाटलं नाही की म्हाताऱ्या माणसाला टेकायला काहीतरी लागतं? एप्रिलमध्ये मी ही खुर्ची पाचपैकी दोनच्या वर चढू देत नव्हतो. दोन गुणही रंगाचे.

चिडूनच या माणसाबद्दल वाचायला घेतलं. अँटनी आर्मस्ट्राँग-जोन्स, जन्म १९३०. वडील वेल्श बॅरिस्टर, आई मेसेल घराण्यातली. मामा ऑलिव्हर मेसेल नामांकित नेपथ्यकार. आईचे आजोबा लिन्ली सँबोर्न ‘पंच’ साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार. चित्रासाठी हवी ती पोझ घ्यायला लावून ते आधी फोटो काढत आणि त्यावरून रेखाटत. म्हणजे कॅमेरा आणि रंगमंच दोन्ही आजोळकडचे. केंब्रिजात वास्तुकलेची परीक्षा नापास. पण १९५०च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज बोट शर्यतीत केंब्रिजची बोट जिंकली तेव्हा सुकाणूवर हाच. वल्ही मारणारे आठ, हुकूम सोडणारा हा. मग फोटोग्राफी, आणि १९६०मध्ये राणीच्या सख्ख्या बहिणीशी, मार्गारेटशी लग्न. ‘अर्ल ऑफ स्नोडन’ ही उमरावाची पदवी लग्नानंतरची, १९६१ची. १९७८मध्ये घटस्फोट झाला. त्या संसारावर इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही. मुलगा डेव्हिड मात्र पुढे फर्निचरवाला झाला, हे वाचून हसू आलं. आता स्नोडनचा अर्ल तोच.

इथे मला थोडं मागे यावं लागलं. अपंगांचा विचारच नाही, हे माझं म्हणणं चूक होतं. बॅटरीवर चालणारी चाकांची फळी, जिच्यावर खुर्ची बसवता येते, ती याच माणसाने बेतली. अपंग विद्यार्थ्यांना मदत देणारी योजना १९८०मध्ये काढली. मग माझ्याच खुर्चीला हात का नाहीत, हा राग उलट वाढला.

मे महिन्यात सगळ्यांना घेऊन कार्नार्व्हनला गेलो. स्नोडन १९६३पासून या किल्ल्याचे किल्लेदार होते (पद मानाचं, पगाराचं नव्हे). वडिलांकडचं घर प्लास दिनास जवळच आहे, आणि २०१७मध्ये गेल्यावर त्यांना पुरलं तेही तिथून जवळच, लानव्हागलानच्या छोट्या चर्चपाशी. किल्ल्याच्या वरच्या चौकात पाटीच्या दगडाचा तो गोल चौथरा अजून आहे. त्यावर तेव्हा पर्स्पेक्सचं, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचं छत होतं, का तर टीव्हीच्या कॅमेऱ्यांना आडकाठी नको. बाबांनी सांगलीत अडतीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. चौथऱ्याला एक फेरी मारली, तटाकडे बघितलं, आणि म्हणाले, “हात कशाला ठेवील तो? हाताच्या खुर्चीत बसवलं की माणूस खांदे वर करतो. कोपरं बाहेर येतात. ओळ घाण दिसते. माझ्या स्टुडिओत काय होतं?”

स्टूल होतं. फिरतं, काळ्या रेक्झिनचं, बिनहाताचं. दहावीच्या हॉल तिकिटाचा माझा फोटो त्याच्यावरच काढलाय.

स्नोडनच्या मनात नेमकं हेच होतं असा माझा दावा नाही. जागा वाचवायलाही हात गाळले असतील. पण कॅमेऱ्यांना आड येऊ नये म्हणून छत पारदर्शक करणारा माणूस खुर्ची बेतताना कॅमेरा विसरला असेल, हे आता पटत नाही.

बाकी किरकोळ. ट्वीड उन्हाळ्यात टोचतं. आमच्या जेवणाच्या टेबलाला खुर्ची बुटकी पडते. सोनेरी पिसांवर ओलं फडकं मारू नका, मी एकदा मारलं आणि टोक फिकट झालं. आणि वेल्समध्ये राहत असाल तर पाहुण्याला बसवण्याआधी विचारा. शेजारच्या आजी, पक्क्या वेल्श, दारातूनच तिच्याकडे बघून म्हणाल्या, “मी उभीच बरी.” समारंभाच्या आदल्या रात्री अबर्गेलेत या समारंभाला विरोध करणारे दोन वेल्श राष्ट्रवादी स्वतःजवळचाच बॉम्ब फुटून मेले होते, ते त्यांच्या पिढीच्या अजून लक्षात आहे.

एक सुतार ४० पौंडांत हात जोडून देतो म्हणाला होता. जोडले असते तर खुर्चीची किंमतही ४० पौंडच झाली असती, म्हणून नको म्हटलं. त्याऐवजी धर्मादाय दुकानातून आठ पौंडांना हातांची एक जुनी लाकडी खुर्ची आणली. बाबा सहाही महिने तिच्यातच बसले. लाल खुर्चीत बसले ते फक्त नातीच्या वाढदिवसाला, फोटोपुरते. खांदे खाली, हात मांडीवर, पाठ ताठ. फोटो झकास आलाय. नंतर दोघांनी धरून उठवलं.

गुण: साडेतीन.