एनआयआरएफ : क्रमांकापेक्षा त्यामागची पीडीएफ वाचा

कॉलेजच्या फ्लेक्सवर ‘एनआयआरएफ रँक बँड १५१-२००’, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीत १५१ ते २०० या गटात, असं ठळक अक्षरांत छापलेलं असतं. त्या एका आकड्यावर मुलाची चार वर्षं आणि घरातले काही लाख रुपये लावू नका. एनआयआरएफची वेबसाइट मात्र जरूर उघडा. क्रमांकाच्या मागे प्रत्येक संस्थेची जी माहिती तिथं फुकट ठेवलेली आहे, तेवढी कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत कधीच मिळत नाही.

ही क्रमवारी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची. आराखडा सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर झाला आणि पहिली यादी ४ एप्रिल २०१६ ला आली. तेव्हा विद्यापीठ, अभियांत्रिकी, व्यवस्थापन आणि औषधनिर्माणशास्त्र असे चारच गट होते. पुढे गट वाढत गेले. २०२४ मध्ये राज्य सरकारी विद्यापीठं, मुक्त विद्यापीठं आणि कौशल्य विद्यापीठं यांचे वेगळे गट झाले. पहिल्या वर्षी २,४२६ संस्था उतरल्या होत्या, २०२५ मध्ये ७,६९२. वाढ मोठी दिसते, पण २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्चशिक्षण सर्वेक्षणात देशात १,१६८ विद्यापीठं, ४५,४७३ महाविद्यालयं आणि १२,००२ स्वतंत्र संस्था नोंदल्या आहेत. म्हणजे साधारण सात-आठ संस्थांमागे एक यात उतरते. यादीत नाव नाही म्हणून कॉलेज वाईट, असा अर्थ त्यामुळे निघतच नाही. कदाचित त्यांनी अर्जच केलेला नसेल.

गुण कसे देतात ते आधी समजून घेऊ, कारण गोंधळ तिथंच होतो. अभियांत्रिकीत अध्यापन आणि साधनसंपत्तीला ३० टक्के, संशोधनाला ३० टक्के, पदवी आणि नोकरीच्या निकालांना २०, समावेशकतेला १० आणि नावलौकिकाला १० टक्के वजन आहे. ‘अध्यापन’ म्हटलं की वर्गात काय शिकवतात ते मोजलं असेल असं वाटतं. तसं ते मोजत नाहीत. त्या ३० टक्क्यांत विद्यार्थीसंख्या, विद्यार्थी-शिक्षक प्रमाण, किती प्राध्यापक पीएचडी आहेत, त्यांचा अनुभव आणि दर विद्यार्थ्यामागे होणारा खर्च येतो. वर्गात बसून पाहणारं कुणी नाही, विद्यार्थ्यांना विचारलेली प्रश्नावलीही नाही. चांगल्या शिकवण्यासाठी जे लागतं त्याची मोजदाद होते, शिकवणं कसं आहे ते मात्र पालकांना स्वतःच शोधावं लागतं.

वेबसाइटवर संस्थेच्या नावाखाली ‘मोअर डिटेल्स’ दाबलं की पाचही घटकांचे शंभरपैकी गुण दिसतात. एकूण क्रमांक सोडून हे पाच आकडे कागदावर लिहून घ्या. समजा एका कॉलेजचे अध्यापन-साधनांत ६२, संशोधनात १८, निकालांत ६४, समावेशकतेत ५५ आणि नावलौकिकात ८ गुण आहेत. दुसऱ्याचे अनुक्रमे ५०, ४८, ५४, ५० आणि १४. वजनं लावली तर पहिल्याची बेरीज ४३.१ येते आणि दुसऱ्याची ४६.६. यादीत दुसरं कॉलेज वर जाणार. पण बी.ई. करायला निघालेल्या मुलाला ज्या दोन गोष्टींचा रोज संबंध येतो, म्हणजे शिक्षक-साधनं आणि निकाल, त्या दोन्हींत पहिलं कॉलेज स्पष्टपणे पुढे आहे. दुसऱ्याला वर नेलं ते शोधनिबंधांनी. एम.टेक. किंवा पीएचडी करायची असेल तर दुसरं निवडा, पदवीसाठी पहिलं. यादीच्या मधल्या भागात शेजारच्या दोन क्रमांकांत अनेकदा अर्ध्या गुणाचंही अंतर नसतं, त्यामुळे ७२ वं आणि ८१ वं कॉलेज यांत फरक करत बसण्यात अर्थ नाही.

नावलौकिकाचे गुण विद्यापीठीय तज्ज्ञ आणि कंपन्यांच्या मतावर ठरतात. जुन्या, महानगरांतल्या, आधीच गाजलेल्या संस्थांना ते आपोआप मिळतात. जिल्ह्याच्या ठिकाणी मन लावून शिकवणाऱ्या कॉलेजला इथं एक आकडी गुण मिळाले तर दचकू नका.

क्रमांक किती हलतो याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ विद्यापीठांच्या गटात २०२४ ला २३ वं होतं, २०२५ ला ५६ वं झालं. एका वर्षात तिथल्या विभागांतलं शिकवणं ३३ पायऱ्या घसरलं असं कुणीही म्हणणार नाही. पण सरकारी विद्यापीठांतल्या मंजूर जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, कायम प्राध्यापक निवृत्त होतात आणि काम तासिका तत्त्वावर ढकललं जातं, हे खरं दुखणं आहे. ते वर्षानुवर्षं साचत आलंय आणि एका वर्षाच्या क्रमांकावरून कळणारं नाही. विकसनशील देशात दर्जा पहिल्यांदा पडतो तो इथंच. पैसा इमारतीला मिळतो, पदाला मिळत नाही.

आता वेळेबद्दल, कारण ही मोठी तक्रार आहे. २०१७ आणि २०१८ ची यादी ३ एप्रिलला आली होती, २०१९ ची ८ एप्रिलला. २०२४ ची आली १२ ऑगस्टला आणि २०२५ ची ४ सप्टेंबरला. तोवर आपल्याकडे अभियांत्रिकीच्या कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या सुरू झालेल्या किंवा उरकत आलेल्या असतात. म्हणून कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरताना हाताशी असते ती आदल्या वर्षीची यादी, आणि तिच्यातली माहितीही मागची. २०२५ च्या यादीत पदवी पूर्ण करणारी बॅच २०२३-२४ ची आहे, म्हणजे २०२० मध्ये प्रवेश घेतलेली मुलं. ताज्या यादीची वाट पाहण्यात हशील नाही. आहे ती नीट वाचा.

यादीत संस्थेच्या नावाशेजारी तिनं भरून दिलेल्या माहितीची पीडीएफ असते. तिच्यातला ‘प्लेसमेंट अँड हायर स्टडीज’चा तक्ता सगळ्यात आधी उघडा आणि चार वर्षांच्या पदवीची शेवटची ओळ घ्या. समजा ओळ अशी आहे : पहिल्या वर्षाची मंजूर क्षमता २४०, प्रत्यक्ष प्रवेश २३१, डिप्लोमातून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले २४, ठरलेल्या मुदतीत पदवी मिळवलेले १६८, नोकरी लागलेले ७१, मधला पगार ४,२०,०००, उच्च शिक्षणाला गेलेले १९. माहितीपुस्तिकेत हेच कॉलेज ‘९० टक्के प्लेसमेंट’ लिहू शकतं, कारण भागाकार करताना खाली फक्त नोंदणी केलेली ‘पात्र’ मुलं धरतात. तुम्ही खाली आत आलेली सगळी मुलं धरा. २३१ अधिक २४ म्हणजे २५५. त्यातली १६८ वेळेत बाहेर पडली, ६६ टक्के. उरलेली ८७ केटीत अडकली, वर्ष गेलं किंवा सोडून गेली. नोकरी आणि उच्च शिक्षण मिळून ९० मुलं, म्हणजे आत आलेल्यांपैकी ३५ टक्के. प्रवेश घेणाऱ्यासाठी खरा आकडा हा.

मधला पगार, म्हणजे मीडियन, हा फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो हेही लक्षात ठेवा. ७१ मुलांना पगाराच्या क्रमानं उभं केलं तर छत्तिसाव्याचा पगार ४,२०,०००. सरासरीपेक्षा हा आकडा प्रामाणिक असतो, एखाद्या मोठ्या पॅकेजनं तो फुगत नाही. पण २० मुलांचा मीडियन ८ लाख आणि १२० मुलांचा ५ लाख असेल, तर दुसरं कॉलेज बहुसंख्य मुलांसाठी चांगलं. तक्त्यात तीन वर्षांच्या ओळी असतात. तिन्ही ओळींचा हाच हिशेब करा. एका वर्षी उडी आणि पुढच्या वर्षी आपटी असेल तर कॉलेजला फोन करून कारण विचारा.

त्यानंतर पीडीएफच्या शेवटाकडे जा. तिथं प्राध्यापकांची यादी असते (एनआयआरएफच्या वेबसाइटवरच्या प्रतीत ती नसेल तर कॉलेजच्या वेबसाइटवरची प्रत उघडा) : नाव, वय, पद, शिक्षण, महिन्यांत अनुभव, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, नेमणुकीचा प्रकार. पालक ही पानं उलटतच नाहीत, आणि माझ्या मते संपूर्ण पीडीएफमधला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे. आधी मोजा, किती जण नियमित आहेत. मग विद्यार्थीसंख्येला त्यानं भागा. १,८०० विद्यार्थी आणि ७८ नियमित प्राध्यापक असतील तर प्रमाण १:२३. एनआयआरएफ अभियांत्रिकीत १:१५ ला पूर्ण गुण देतं आणि १:५० पेक्षा वाईट असेल तर शून्य. १:२३ म्हणजे प्रॅक्टिकलच्या बॅचेस मोठ्या होणार आणि एका प्राध्यापकाकडे प्रोजेक्टचे जास्त गट येणार. मग रुजू तारखांवर बोट फिरवा. एकाच महिन्यात वीस-पंचवीस जण रुजू झालेले दिसले आणि अनुभवाच्या रकान्यात बहुतेकांचे एक आकडी महिने असले, तर तपासणीच्या किंवा माहिती भरण्याच्या तोंडावर भरती झाली असण्याची शक्यता धरा.

याहून पक्की कसोटी दोन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवण्याची. वेबसाइटवर मागच्या वर्षांच्या याद्याही राहतात. आदल्या वर्षीची पीडीएफ उतरवून घ्या आणि त्यातली किती नावं यंदाही आहेत ते पाहा. शंभरातली ऐंशी-पंच्याऐंशी टिकली असतील तर शिक्षक तिथं थांबतात. पन्नास-साठच टिकली असतील तर पगार वेळेवर होतात का, हा प्रश्न तिथल्या सीनियर मुलांना विचारावा. अर्ध्या तासाचं हे काम आहे.

खर्चाच्या तक्त्यात ग्रंथालय, प्रयोगशाळेची उपकरणं आणि सॉफ्टवेअर, पगार, देखभाल असे वेगळे आकडे असतात. नव्या इमारतीचा खर्च यात धरत नाहीत, हे योग्यच आहे. प्रयोगशाळेच्या उपकरणांचा आकडा विद्यार्थीसंख्येनं भागून दोन-तीन कॉलेजांत तुलना करा. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयींबाबत ‘८० टक्क्यांहून अधिक इमारतींत लिफ्ट किंवा रॅम्प आहे’ अशी छापील उत्तरं असतात. व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलानं त्यावर विसंबू नये, प्रत्यक्ष जाऊन ज्या मजल्यावर वर्ग आहेत तिथपर्यंत पोचता येतं का ते बघावं.

हे सगळे आकडे संस्था स्वतः भरते. म्हणून एक पडताळणी करा. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतापत्रात शाखानिहाय मंजूर क्षमता असते आणि कॉलेजच्या वेबसाइटवर ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ ठेवणं बंधनकारक आहे. तिथली शिक्षकसंख्या आणि एनआयआरएफमधली यात मोठी तफावत असेल तर सावध व्हा. मार्च २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं आकड्यांच्या खरेपणाच्याच मुद्द्यावर त्या वर्षीची यादी काही काळ थांबवली होती. संशोधनाच्या गुणांसाठी निबंधांचा ढीग लावणाऱ्यांवर उपाय म्हणून २०२५ पासून मागे घेतलेल्या निबंधांचे गुण कापायला सुरुवात झाली. पाऊल चांगलं आहे. पण वजन ३० टक्केच ठेवलं तर शिकवणं सोडून निबंध लिहिण्याचा दबाव प्राध्यापकांवर राहणारच, आणि त्याची किंमत दुसऱ्या वर्षाची मुलं मोजतात.

कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयांच्या यादीत पहिल्या शंभरात निम्म्याहून जास्त जागा दिल्ली आणि तामिळनाडूच्या असतात. २०१७ ते २०२३ मिरांडा हाऊस पहिलं, २०२४ आणि २०२५ ला हिंदू कॉलेज. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांना ही यादी फारशी लागू पडत नाही. तिथं विद्यापीठाचा निकाल, कायम शिक्षक आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक यांचं प्रमाण, आणि तुमच्या विषयाची प्रयोगशाळा एवढंच बघा.

जागतिक याद्या पदवीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवा. क्यूएसमध्ये ३० टक्के वजन शैक्षणिक नावलौकिकाला आणि १५ टक्के कंपन्यांमधल्या नावाला आहे, परदेशी विद्यार्थी आणि परदेशी प्राध्यापक यांना ५-५ टक्के. शांघाय क्रमवारी नोबेल आणि फील्ड्स पदकं मोजते. यातलं काहीही थर्मोडायनॅमिक्स कसं शिकवतात ते सांगत नाही. मुंबई, दिल्ली, मद्राससह सात आयआयटींनी एप्रिल २०२० मध्ये टाइम्स हायर एज्युकेशनच्या यादीतून अंग काढून घेतलं होतं, ते याच पद्धतींच्या पारदर्शकतेच्या मुद्द्यावर.

पाचपैकी गुण द्यायचे तर क्रमांकाला दोन आणि पीडीएफला चार. पीडीएफचा एक गुण कापला तो शाखानिहाय माहिती नसल्यामुळे. कॉम्प्युटर आणि सिव्हिलची मुलं, नोकऱ्या आणि शिक्षक एकाच आकड्यात मिसळलेले असतात. ही विभागणी देणं अवघड नाही, संस्थांकडे ती असतेच. ती मिळेपर्यंत शाखेसाठी एनबीए या राष्ट्रीय मानांकन मंडळाचं मानांकन बघा. ते संस्थेला नव्हे, अभ्यासक्रमाला मिळतं, त्यामुळे आपल्याच शाखेला आहे का आणि कोणत्या वर्षापर्यंत आहे हे तपासा.

१०१ च्या पुढे कॉलेजं गटांत असतात आणि नावं इंग्रजी वर्णक्रमानं लावलेली असतात. तिथं वरचं नाव म्हणजे चांगलं कॉलेज असं नाही, घटकनिहाय गुणही दाखवत नाहीत. यादीत नसलेल्या पण सहभागी झालेल्या कॉलेजची पीडीएफ त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर ‘एनआयआरएफ’ या टॅबखाली मिळते. टॅब सापडला नाही तर प्रवेश कक्षाला ईमेल करून मागच्या दोन वर्षांच्या प्रती मागा, आणि ऑप्शन फॉर्म लॉक करण्याच्या निदान चार दिवस आधी मागा.