हिवाळी राइडसाठी टायर: जाड पट्ट्याचा की गेटरस्किन?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपल्याकडे नागपुरात सायकलवर किलोमीटर जमवायचे महिने. मे महिन्यात ४५ अंशांत कोण ट्रेनिंग करणार? त्यामुळे टायरचा विषय दिवाळी आटोपल्यावर निघतो आणि दरवर्षी तेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आत पंक्चर रोखणारा जाडात जाड पट्टा असलेला टायर घाला आणि पंक्चर विसरा. दुसरा म्हणतो, कॉन्टिनेंटलचा गेटरस्किन घाला आणि एक ट्यूब खिशात ठेवा. मी दोन्ही चालवले आहेत, दोन्ही २८ मिमी रुंदीचे, त्याच सायकलवर आणि त्याच रिमवर.

तुम्ही कुठल्या रस्त्याला जाता यावर बरंच अवलंबून आहे. काटोल रोडला फेटरीच्या पुढे किंवा कळमेश्वरच्या बाजूला त्रास काट्यांचा. कुंपणाला रचलेल्या बोरी-बाभळीच्या फांद्या, त्या वाहून नेणाऱ्या बैलगाड्या, आणि सांडलेले काटे नेमके रस्त्याच्या कडेला, जिथून आपण जातो. अमरावती रोड आणि वर्धा रोडवर भानगड वेगळी. ट्रकचा रेडियल टायर फुटला की त्यातल्या पोलादी तारेचे केसाएवढे तुकडे पांढऱ्या पट्टीबाहेर पडून राहतात. ते दिसत नाहीत, आवाजही करत नाहीत.

काट्यांपुरतं बोलायचं तर जाड पट्टा जिंकतो, यात वाद नाही. बाभळीचा काटा त्यात अर्ध्यावर अडकतो, घरी येऊन चिमट्याने काढायचा. सायकल थोडी जड वाटते, सेमिनरी हिल्सच्या चढावर मागून कुणीतरी धरल्यासारखं होतं, पण ट्रेनिंगच आहे, चालायचंच. सिमेंट रोडच्या सांध्यांवर दणके जरा जास्त बसतात. तेही मी मनाला लावून घेतलं नसतं.

माझं मन फिरलं ते तारेमुळे. तार जाड पट्ट्यातूनही जाते, फक्त हळूहळू जाते. दोन-चार राइडभर ती पट्ट्यात रुतत राहते आणि मग एके दिवशी गोंडखैरीच्या आसपास, सूर्य उगवायच्या आधी, मागचं चाक मऊ लागतं. टायर उघडून आतून बोट फिरवलं तर हाताला काही लागत नाही. वजन नसताना तार पट्ट्याच्या आतच लपलेली असते, बसलं की टोक बाहेर येतं. म्हणजे नवी ट्यूब घातली तरी काही किलोमीटरांनी पुन्हा तेच.

आणि तो टायर परत चढवणं! कडक साइडवॉल (टायरची बाजू), कडेला वायर बीड, म्हणजे आत तार घातलेली कड, त्यात पहाटेच्या थंडीने बधिर झालेली बोटं. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला होता. तेवढी थंडी रोज नसते, पण आठ-दहा अंशही अंगठ्यांना पुरेसे असतात. शेवटचा वीतभर भाग रिमवर जाता जात नाही. मग टायर उचकटायचा लिव्हर लावायचा, आणि लिव्हरने नवी ट्यूब चिमटली जायची. भोवती तिघं टॉर्च धरून उभे, कुडकुडत, "झालं का बे?" कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष मला तरी कंपनीपेक्षा रचनेचा आणि माझ्या रिमशी जमलेल्या जोडीचा वाटतो. दुसऱ्या रिमवर तोच टायर सुतासारखा बसेलही.

गेटरस्किनमध्ये पट्टा पातळ आहे, पॉलीएक्स नावाच्या घट्ट विणलेल्या पॉलिस्टरचा, आणि बाजूंना ड्यूरास्किनची जाळी. पंक्चर थोडे जास्त होतात असं मला वाटतं, हिशोब ठेवलेला नाही. पण तार घुसली तर आतून बोटाला लगेच टोचते. उपटायची, ट्यूब घालायची, टायर अंगठ्यांनी बसवायचा आणि निघायचं. मागे राहून गार झालेला चहा माझ्या वाट्याला येत नाही. साइडवॉलचाही फायदा जाणवतो, सिमेंट रोड संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतात तिथल्या धारदार कडांवर ती जाळी कामी येते.

त्याची ओल्यावरची पकड बेताची, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते आणि ती खोटी नसावी. आपला हिवाळा कोरडा, म्हणून मला फारसं जाणवलं नाही. पण डिव्हायडरच्या झाडांना पाणी घालणारा टँकर नुकताच गेला असेल तर वळणावर मी सायकल कलवत नाही. पावसाळ्यातही हीच सायकल चालवणार असाल आणि खिसा परवानगी देत असेल, तर त्याच कंपनीचा ग्रँड प्रिक्स फोर सीझन बघा. रबर जास्त पकड देणारं, आत व्हेक्ट्रान नावाच्या मजबूत धाग्याचा दुहेरी पट्टा. आमच्यातले एक काका त्यावर खूश आहेत.

ट्यूबलेसचं कुणी सुचवेलच. बारीक तारेवर त्यातलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, खरंच छान काम करतं. पण आपल्या उन्हाळ्यात ते लवकर वाळतं आणि एप्रिलपासून टांगून ठेवलेली सायकल दिवाळीला काढली की आत नुसती पापुद्र्यांची साल. ज्यांना ती उठाठेव आवडते त्यांनी जरूर करावी.

हवेचं एक लक्षात ठेवा. घरात २५ अंशांना ८० पीएसआय भरलेली हवा बाहेर ८ अंशांत ७५ च्या जवळ येते, टायर कुठलाही असो. म्हणून पहाटे निघताना गेज बघतो, रात्रीचं धरत नाही.

रोज काटोल रोडच करणार असाल, किंवा रस्त्यात ट्यूब बदलायची वेळच येऊ नये असं वाटत असेल, तर जाड पट्ट्याला मी नाही म्हणणार नाही. फक्त घेण्याआधी दुकानदाराला तो तुमच्याच रिमवर, लिव्हर न लावता, चढवून दाखवायला सांगा. गेटरस्किन घेतलात तर घडी घालता येणारा घ्या, वायर बीडचा नको. थोडे पैसे जास्त जातील.