कार्डांची कपाटं बंद केली, त्याला १४ महिने झाले

मुंबईत हिंदमाताजवळ तळमजल्यावर दातांचा दवाखाना असला की पावसाळ्यात कपाटाचा खालचा खण रिकामा ठेवायचा, हे आम्ही २६ जुलै २००५ला शिकलो. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आमच्याकडची पेशंटच्या नोंदींची शिंदे ते सावंत सगळी कार्डं लगदा झाली. तरी पुढे कित्येक वर्षं कार्डंच चालली, कारण सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, तीच हवी होती. शेवटी या नोंदींसाठी सॉफ्टवेअर घेतलं. ज्यांचं अजून ‘बघू, करू’ चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय.

एक्स-रेबद्दल फार लिहीत नाही. फिल्मऐवजी डिजिटल सेन्सर घ्याच. फिल्म धुवायच्या डेव्हलपर-फिक्सरचा वास गेला आणि मूळ कुठे वाकलंय ते पेशंटला स्क्रीनवर मोठं करून दाखवता येतं. पूर्वी फिल्म उजेडात धरली की सगळे ‘हो हो’ म्हणायचे, कळायचं कुणालाच नाही.

खरा घोळ झाला जुन्या कार्डांचा. अप्पा दात लिहायचे क्रॉस काढून. अधिकच्या चिन्हासारख्या दोन रेघा, चार कोपरे म्हणजे तोंडाचे चार भाग, कोपऱ्यात दाताचा आकडा. दुधाच्या दातांना ए ते ई. सॉफ्टवेअरला हवे दोन आकडी नंबर, पहिला आकडा कोपऱ्याचा, दुसरा दाताचा: वरची उजवी पहिली मोठी दाढ १६, डावी २६. कार्डं भरायला कॉमर्सचा एक मुलगा ठेवला. हुशार, टायपिंग जोरदार. पण आपण पेशंटच्या समोर उभे असतो, म्हणून क्रॉसची डावी बाजू म्हणजे पेशंटची उजवी, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. मीच नाही सांगितलं! तीनेकशे कार्डं डावी-उजवी उलटी भरल्यावर एक काका आले. चार्टवर २६ काढलेली, तोंडात २६ ठणठणीत, फट १६च्या जागी. अप्पांनी कार्ड पाहिलं आणि म्हणाले, “मी बरोबरच लिहिलंय.” बरोबरच लिहिलं होतं.

ते सगळं पुसलं. आता पेशंट येईल त्या दिवशी खुर्चीवरच नवं चार्टिंग करतो आणि जुन्या कार्डाचा फोटो काढून सोबत जोडतो. सगळी कार्डं आधी भरून घ्या असं विक्रेता सांगेल, ऐकू नका. निम्मे पेशंट परत येतच नाहीत.

दुसरी गंमत मोबाइल नंबरची. एका घरात चार पेशंट आणि नंबर एकच, तोही सुनेचा. तिला मेसेज गेला, ‘आपली कवळी तयार आहे.’ तिचा फोन आला, “डॉक्टर, मी अजून अठ्ठावीसची आहे हो!” आडनावाने शोधायचं तर इंग्रजी स्पेलिंग दर वेळी वेगळं. मंदाताई बावीस वर्षं काउंटरवर आहेत. कार्डाच्या मळक्या कोपऱ्यावरून माणूस ओळखायच्या. पहिले दोन महिने त्या माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. आता नाव विचारायच्या आधी जन्मसाल विचारतात आणि झटक्यात फाइल काढतात.

पैसे वसूल कुठे झाले, तर लाल पट्टीत. एक गृहस्थ दाढ काढायला आले. नाव उघडताच वर लाल पट्टी: रक्त पातळ करायची गोळी चालू. कार्डावर ही नोंद मागच्या बाजूला, पेन्सिलने होती. त्या दिवशी दाढ काढली नाही. आधी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला.

तक्रार कंपनीबद्दल आहे. डेमोला दोन माणसं आली, पैसे भरल्यावर एकाचाही फोन लागेना. डेटा परत मागितला तर एक्सेल मिळाली, त्यात एक्स-रे नाहीत. ते एकेक करून उतरवावे लागले. घेण्याआधी तुमच्याच दोन पेशंटचा पूर्ण डेटा, एक्स-रेसकट, बाहेर काढून दाखवायला सांगा. आणि सगळ्यांना एकच पासवर्ड देऊ नका. आमच्याकडे सहा महिने तसंच चाललं होतं. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पाहिलात तर कळेल, डेटा कंपनीच्या सर्व्हरवर असला तरी जबाबदारी दवाखान्याचीच.

अप्पा अजून गुरुवारी दोन तास बसतात आणि कागदावर क्रॉसच काढतात. मंदाताई तो बघून नंबर टाकतात. गेल्या आठवड्यात अप्पांनी घाईत चुकीच्या कोपऱ्यात आकडा लिहिला, तो मंदाताईंनी पकडला.