टॅगालॉग व्याकरणाचा मराठीतला ऑनलाइन कोर्स: घ्या, पण एक धडा फारच कच्चा आहे

धाकट्या बहिणीला एमबीबीएससाठी फिलिपिन्सला जायचंय, टॅगालॉग ही तिकडची भाषा, म्हणून हा कोर्स लावला, संध्याकाळी तिच्यासोबत मीपण बसायलोय. आपल्या लातूरकडून तिकडं जाणाऱ्या पोरांच्या घरच्यांसाठी लिहितोय.

इंग्रजीतले व्हिडिओ आधी बघितले होते, ते 'आंग बाता आय कुमाइन' (पोरानं खाल्लं) असल्या वाक्यांपासून सुरू करतात, म्हणजे कर्ता आधी आणि क्रियापद नंतर. सोपं वाटतं, पण 'आय'वालं वाक्य जास्त करून लिहिण्यातलं, बोलताना लोक क्रियापदच आधी टाकतात. या कोर्समध्ये शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्या धड्यापासून तसंच धरलंय.

खरी मजा 'आंग'च्या धड्यात आहे. 'कुमाइन आंग बाता नांग मांग्गा' म्हणजे पोरानं आंबा खाल्ला, कुठलाही असो, आणि 'किनाइन नांग बाता आंग मांग्गा' म्हणजे तो ठरावीक आंबा पोरानं खाल्ला. 'आंग' ज्या नामाच्या आधी लागलं त्याच्याकडं बघून क्रियापदाचं रूप बदलतं. मॅडमनी हे आपल्या 'पोरानं आंबा खाल्ला, पोरानं पोळी खाल्ली' वरून समजावलं, आपलं खाल्ला-खाल्लीपण पोराकडं बघतच नाही ना! फक्त आपल्याकडं हे झालेल्या गोष्टीपुरतं, तिकडं चालू असलेल्या (किनाकाइन) आणि व्हायच्या (काकाइनिन) क्रियेलाही चालतं, हे पण त्यांनी स्पष्ट सांगितलं. बहिणीला एका बैठकीत कळलं. 'तायो' आणि 'कामी' तर आपलं आपण आणि आम्हीच, त्यावर वेळ घालवला नाही ते बरं केलं.

कच्चा धडा नकाराचा. 'किनाइन को' म्हणजे मी खाल्लं, पण नकारात 'को' उडी मारून पुढं येतो, 'हिंदी को किनाइन'. हिंदी म्हणजे नाही. असले छोटे शब्द पहिल्या शब्दामागं पळतात आणि दोन-तीन एकत्र आले की कोण आधी कोण नंतर याचा नियम असतो, तो दोन मिनिटांत उरकलाय आणि सराव काहीच नाही, बोलताना पोरं इथंच अडकणार. मॅडम, हा धडा परत रेकॉर्ड कराच.

आणि फिलिपिन्सातल्या दावाओ शहरात जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, टॅगालॉग तिथं समजतं, पण बाजारात, रिक्षात बिसाया ही वेगळी भाषा चालते, ती या कोर्समध्ये नाही.