दोनदा उतरवलेला गियरबॉक्स: जुन्या डिझेल एसयूव्हीचे 19 महिने

गाडीचं नाव लिहीत नाही. जे दुखणं सांगणार आहे ते बऱ्याच कंपन्यांच्या डिझेल गाड्यांत सापडतं आणि नाव घेतलं की भांडण कंपनीवरच घसरतं. चार मीटरच्या आतली, दीड लिटर डिझेल, मॅन्युअल, 2016 ची गाडी. मार्च 2024 मध्ये 78,000 किलोमीटरला, 4 लाख 10 हजारांत घेतली. 

घेतल्या घेतल्या टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) टेन्शनरसकट, म्हणजे तो ताणून धरणाऱ्या पुलीसकट, बदलला, 8,900 रुपये. आधी बदलल्याचं बिल मागच्या मालकाकडे नव्हतं. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि मग इंजिनाचा वरचा भाग, हेड, खोलावं लागतं, तेव्हा या खर्चाबद्दल तक्रार नाही. उन्हाळ्यात एसीचा कंडेन्सर गळला, गॅससकट 7,600. तोही जुन्या गाडीचा रिवाज म्हणून सोडून दिला.

आता मुख्य रडगाणं. आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे. सप्टेंबर 2024 पासून रॅम्प चढताना पहिल्या गियरला गाडी अशी थरथरायला लागली की वॉचमन खुर्चीतून उठून बघायचा. इंजिन बंद करताना खालून ‘खडाक’ असा आवाज. सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट आलं 58,800: क्लच सेट, ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचच्या मधलं जड चाक), स्लेव्ह सिलिंडर (पेडल दाबलं की क्लच सोडवणारा भाग) आणि मजुरी. मी कागद घडी करून खिशात घातला आणि थेट बाहेरच्या गॅरेजला गेलो. तिथे क्लच सेट 9,200, मजुरी 5,000, गियर ऑइल 1,400. एकूण 15,600. घरी येऊन सौ.ला अभिमानाने सांगितलं की 43 हजार वाचवले.

चार महिने बरे गेले. फेब्रुवारीत साताऱ्याला जाताना खांबाटकी घाटात ट्रकमागे रांगत होतो आणि थरथर परत आली. आधीपेक्षा जास्त.

हा अनुभव मी तेव्हाच अर्धा लिहून ठेवला होता आणि त्यात मेकॅनिकला भरपूर शिव्या होत्या. त्या आता काढून टाकल्यात. कारण ऑक्टोबरमध्ये क्लचसाठी पहिल्यांदा गियरबॉक्स खाली आल्यावर त्याने मला बोलावून फ्लायव्हील हाताने हलवून दाखवलं होतं. म्हणाला, “काका, ह्यात प्ले आलाय, ढिलं झालंय. आत्ताच बदला, नाहीतर परत याल.” मी विचारलं, लेथवर फेसिंग करून नाही का चालणार? तो हसला. साधं एकसंध फ्लायव्हील लेथवर तासता येतं. ह्यात दोन वजनदार चकत्या असतात आणि मधल्या स्प्रिंगा डिझेल इंजिनाचे हिसके पचवतात. स्प्रिंगाच ढिल्या झाल्यावर वरून तासून काय उपयोग? सगळं ऐकलं आणि तरी म्हणालो, “राहू दे, नुसता क्लच टाक.” फ्लायव्हीलची किंमत 27,500 होती, दुसरं कारण नाही.

फेब्रुवारीत गियरबॉक्स पुन्हा खाली. फ्लायव्हील 27,500, स्लेव्ह सिलिंडर 5,100 (तो गियरबॉक्सच्या पोटात बसतो, गळला असता तर तिसऱ्यांदा उतरवावा लागला असता), मजुरी पुन्हा 5,000, ऑइल पुन्हा 1,400. म्हणजे 39,000. दोन्ही बिलं मिळून 54,600. सर्व्हिस सेंटरच्या तुलनेत वाचले 4,200 आणि त्यासाठी दोन्ही वेळा चार-चार दिवस पुण्याच्या पीएमपी बसमध्ये लोंबकळलो. पहिल्याच वेळी ऐकलं असतं तर दुसऱ्या वेळची मजुरी आणि ऑइल, म्हणजे 6,400 आणखी वाचले असते. हा आकडा अजून झोपताना आठवतो.

म्हणून जुनी डिझेल बघायला जाल तेव्हा टायरमध्ये नख खुपसत बसू नका. बॉनेट उघडा, इंजिन चालू-बंद करायला सांगा आणि बंद होतानाचा आवाज ऐका. मग चढावर पहिल्या गियरला हळूहळू क्लच सोडून बघा. खडाक आणि थरथर दोन्ही असतील तर किमतीतून सरळ 50 हजार वजा करून बोला. मालक म्हणेल, डिझेल आहे, एवढं चालतंच. मलाही असंच म्हणाले होते आणि मी मान डोलावली होती.

जुलै 2025 मध्ये पुढचे दोन्ही शॉकअब (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बदलले. 28 टक्के जीएसटीसकट 9,600. 22 सप्टेंबरपासून जीएसटी 18 टक्के झाला. तेच शॉकअब 8,850 ला आले असते. साडेसातशे रुपये हकनाक गेले आणि इथे तर मेकॅनिकचाही दोष काढता येत नाही.

बाकी गाडी आता लोण्यासारखी चालते, हे कबूल करावंच लागेल. हायवेला 19 चं अ‍ॅव्हरेज देते, घाटात दुसऱ्या गियरला कुरकुर नाही. रॅम्पवर वॉचमन मान वर करत नाही. जुनं फ्लायव्हील मात्र मेकॅनिककडून मागून घरी आणलं आणि बाल्कनीत कुंडीखाली ठेवलंय. भंगारवाला 340 देतो म्हणाला. 27,500 चा माल 340 ला द्यायला अजून हात धजावत नाही.