जुन्या कांस्य अंगठीचे वर्णनपत्र: जळगावातील एका दुकानाची सेवा

खानदेशात जुनी नाणी जमवणारे पुष्कळ आहेत; पण अंगठ्या, जोडवी, कडी असे धातूचे लहान दागिने जमवणाऱ्यांना आपल्या वस्तूची नीट ओळख पटवून देणारे ठिकाण सहसा मिळत नाही. जळगावच्या बाजारपेठेतील जुन्या वस्तूंच्या एका लहान दुकानात वस्तू तपासून तिचे लेखी वर्णनपत्र करून देतात. मोडीच्या भांड्यांबरोबर आलेली, हिरवा थर चढलेली एक अंगठी मी तेथे दिली होती.

अंगठी हातात घेण्याआधी ती कोठून आली हे त्यांनी विचारून लिहून घेतले, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन तर १८७८ पासूनचे आहे. शेतात निघालेली वस्तू असती, तर आम्ही ती ठेवून घेतली नसती, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

वर्णनपत्रात वजन, कडीची रुंदी आणि जाडी आहे, शिवाय आतला व्यास दोन दिशांनी मोजलेला आहे, कारण वर्षानुवर्षे वापरलेली अंगठी क्वचितच पूर्ण गोल राहते. कडी ओतीव आहे की पट्टी ठोकून वाकवलेली, सांध्याला डाग दिला आहे का, कोंदण कडीबरोबरच ओतले आहे की मागून बसवले आहे, हे भिंगाखाली पाहून नोंदवले आहे. हिरव्या थराची तपासणी विशेष काळजीने केलेली दिसते. खरा थर धातूतूनच वाढलेला असतो, त्याच्या खाली बहुधा तांबूस-तपकिरी थर असतो आणि सतत घासल्या जाणाऱ्या कडांवर तो विरळ होतो. रंग किंवा आम्ल लावून आणलेला थर मात्र खोबणींत आणि उंचवट्यांवर सारखाच बसतो आणि पुष्कळदा द्रावकात भिजवलेल्या कापसाला लागतो.

धातूच्या रकान्यात त्यांनी कांस्य न लिहिता ‘तांब्याची मिश्रधातू’ असे लिहिले आहे, आणि ते योग्यच आहे. कथिलाचे कांस्य आणि जस्ताचे पितळ जुन्या थराखाली डोळ्यांनी ओळखता येत नाही, त्यासाठी क्ष-किरण प्रतिदीप्ती चाचणी, म्हणजे क्ष-किरण टाकून धातूतील घटक ओळखणारी चाचणी, लागते. काळाबाबतही तोच संयम आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५५ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी उत्खनन केले, तेथील वस्तूंचा काळ त्या मातीच्या कोणत्या थरात मिळाल्या यावरून ठरतो. अशा मातीच्या थरापासून तुटलेल्या साध्या घडणीच्या अंगठीला शतक चिकटवणे म्हणजे ग्राहकाला खूश करणे होय. येथे ‘काळ निश्चित नाही’ एवढेच लिहिले आहे. किंमत वाढवणाऱ्या ‘सातवाहनकालीन’सारख्या विशेषणाचा मोह त्यांनी टाळला, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

उणिवाही सांगायला हव्यात. छायाचित्रात मोजपट्टी नाही आणि बाजूने घेतलेले एकही चित्र नाही, त्यामुळे दुसऱ्या संग्राहकाला केवळ कागदावरून ही अंगठी ओळखता येणार नाही. कडीची टोके एकमेकांना जोडलेली नाहीत, त्यामुळे हे पायाच्या बोटातील जोडवे असू शकेल; पण ही शक्यता नोंदवलेली नाही. आपल्याकडे ती आधी तपासायला हवी होती. जतनाविषयी तर केवळ ‘चिंच किंवा लिंबाने घासू नये’ एवढीच सूचना आहे. क्लोराइड आणि ओलावा यांमुळे फिकट हिरवी भुकटी सुटू लागली, तर धातू आतून खाल्ला जातो. म्हणून पावसाळ्यात अंगठी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डबीत ठेवावी आणि भुकटी दिसताच ती इतर वस्तूंपासून वेगळी करून जाणकार जतनतज्ज्ञाला दाखवावी, हे त्या कागदावर छापणे आवश्यक आहे. तेवढी दुरुस्ती त्यांनी केली, तर मी माझ्या उरलेल्या अंगठ्याही तेथेच तपासायला देईन.